औषधच नव्हते तेव्हा : वाल्डेमार हाफकिन यांची कहाणी

हाफकिन हे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांना नवे नाही. पोलिओचे डोस, सर्पदंशावरची लस यांच्या निमित्ताने ते बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तिसगावसारख्या गावात पावसाळ्यात रानात कुणाला साप चावला, की दवाखान्यात ज्या लसीची कुपी शोधली जाते तिच्यावर हे नाव अनेकदा छापलेले असते. पण हाफकिन हे एका माणसाचे आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा माणूस भारतीय नव्हता, इंग्रज नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. तरी त्याने मुंबईत बसून प्लेगवरची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

आज त्यांची आठवण काढण्याला एक कारण आहे. हाफकिन यांनी काम केले तेव्हा जगात प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, नव्हती. जंतुसंसर्ग झाला की शरीर तगेल तेवढे तगायचे, नाहीतर माणूस जायचा. आता प्रतिजैविके आहेत, पण अनेक जंतू त्यांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणजे औषध दुकानात आहे आणि तरी उपयोग नाही, अशी वेळ काही रुग्णांवर आजच येते. औषध नसलेल्या काळात रोगाशी कसे लढले गेले, हे म्हणूनच पुन्हा पाहण्यासारखे आहे.

ओडेसा ते पॅरिस

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसा येथे एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. हे बंदर आज युक्रेनमध्ये आहे, त्या वेळी रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकोव्ह. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून पुढे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ ते हेच.

विद्यार्थिदशेतच हाफकिन राजकारणात ओढले गेले. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या मध्यस्थीने ते सुटले. पण ज्यू असल्यामुळे विद्यापीठात नोकरीचा रस्ता बंद होता. धर्म बदलला असता तर तो उघडला असता. हाफकिन यांनी ते नाकारले. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे मृत नमुने जपणाऱ्या वस्तुसंग्रहालयात, काम करून 1888 मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि 1889 मध्ये पॅरिसला. तिथे लुई पाश्चर यांची नवी संस्था उभी राहिली होती आणि मेचनिकोव्हही तिथेच आले होते. जागा एकच शिल्लक होती, ग्रंथालयातल्या मदतनिसाची. हाफकिन यांनी ती घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

त्या वेळी युरोप कॉलऱ्याने हैराण होता. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू गिनीपिगमध्ये एकामागून एक वाढवून आधी अधिक जहाल केले, मग त्यांचीच दुसरी प्रत सौम्य केली. सौम्य जंतूंची सुई आधी द्यायची आणि काही दिवसांनी जहाल जंतूंची, अशी त्यांची पद्धत होती. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, सुईची जागा दुखली आणि थोड्याच दिवसांत ते बरे झाले. मग काही मित्रांनी टोचून घेतली. पण पॅरिसमधल्या निरोगी माणसांना लस टोचून ती उपयोगी आहे की नाही, हे कसे कळणार? त्यासाठी जिथे कॉलरा दरवर्षी येतो तिथेच जायला हवे होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या पाठिंब्याने हाफकिन 1893 मध्ये कलकत्त्यात उतरले.

बस्तीत, चहाच्या मळ्यात, तुरुंगात

रशियातून आलेला, राजकीय खटल्याचा डाग असलेला, वैद्यकीय पदवी नसलेला माणूस सरकारी डॉक्टरांना फारसा रुचला नाही. लोकांच्या मनातही भीती होती. हाफकिन यांनी भारतीय डॉक्टरांना बरोबर घेतले आणि कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये, उत्तर भारतातल्या गावांत, आसामच्या चहाच्या मळ्यांवर ते फिरले. लस घेण्याची सक्ती त्यांनी केली नाही. ज्याला हवी त्यानेच घ्यायची, हा त्यांचा नियम होता.

या नियमातून एक वैज्ञानिक फायदाही झाला. एकाच वस्तीत, एकाच विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी पिणाऱ्या लोकांपैकी काहींनी लस घेतलेली असे आणि काहींनी नाही. मग साथ आली की दोन्ही गटांत किती आजारी पडले आणि किती गेले, याची तुलना करता येई. हाफकिन ही नोंद काटेकोरपणे ठेवत. आज कोणतेही औषध बाजारात येण्याआधी दोन गटांची तुलना करावी लागते. ही शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या झोपडपट्टीत एक प्राणिशास्त्रज्ञ पाळत होता. फिरतीवर असतानाच त्यांना हिवतापाने गाठले आणि 1895 मध्ये काही काळासाठी इंग्लंडला परतावे लागले.

ते भारतात परत आले आणि काही महिन्यांतच मुंबईवर संकट कोसळले. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात काम करणारे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तापाच्या आणि जांघेत गाठी आलेल्या रुग्णांमध्ये प्लेग ओळखला. गोदी, धान्याची कोठारे, दाटीने भरलेल्या चाळी आणि उंदीर, सगळे एकाच जागी होते. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. रेल्वेने पळणाऱ्यांबरोबर रोगही दख्खनेत पोहोचला. उंदीर मरून पडू लागले की गाव रिकामे करायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे, ही पुढच्या काही दशकांतली महाराष्ट्राच्या खेड्यांची रीत त्याच साथीने घालून दिली.

तुपाचे थेंब

ऑक्टोबर 1896 मध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांड्याचा तुकडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली.

जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. गोमांस वापरले तर हिंदू लस घेणार नाहीत, डुकराचे वापरले तर मुसलमान घेणार नाहीत, हे ओळखून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. त्या रसावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू या तरंगत्या थेंबांच्या खालच्या बाजूला चिकटून वाढतात आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे खाली लोंबू लागतात. बाटली हलवली की सुळके तळाशी पडतात आणि वर नवे वाढतात. जंतू प्लेगचेच आहेत, दुसरे कुठले शिरलेले नाहीत, याची ही खूणही होती. अशी भरपूर वाढ झाल्यावर ते रस तापवून जंतू मारत आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालत. मेलेल्या जंतूंची लस टोचली, की शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकते आणि पुढे जिवंत जंतू आले तर तयारीत असते.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे इतरांना दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या चौपट. खूप ताप आला, अंग दुखले, पण ते काम करत राहिले. मग कॉलेजातले शिक्षक आणि विद्यार्थी पुढे आले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. अन्न, पाणी आणि कोठड्या सर्वांच्या सारख्याच होत्या. लस घेतलेल्यांमध्ये आजारी पडणारे कमी निघाले आणि मृत्यू लस न घेतलेल्यांमध्ये झाले.

लस परिपूर्ण नव्हती. टोचल्यावर ताप येई, हात सुजे, संरक्षण काही महिनेच टिके आणि तेही शंभर टक्के नसे. हाफकिन यांनी ते कधी लपवले नाही. पण गाठीच्या प्लेगमध्ये उपचारांशिवाय शंभरातले तीस ते साठ रुग्ण दगावतात आणि फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळजवळ सगळेच. त्याच सुमारास, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण होऊन त्यांचे निधन झाले. त्यांना देता येईल असे कोणतेही औषध जगात नव्हते. आज हाच आजार वेळेत ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनने बहुतेक रुग्ण बरे होतात.

सक्ती आणि विश्वास

त्या वर्षी पुण्यात सरकारने दुसरा मार्ग धरला होता. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगाचा कायदा झाला, सोजीर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, रुग्णांना ओढून इस्पितळात नेले जाऊ लागले. लोकांचा संताप वाढला आणि 22 जून 1897 च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. मुंबईत मात्र खोजा समाजाचे प्रमुख आगा खान यांनी सर्वांसमोर हाफकिन यांची लस टोचून घेतली, त्यांच्या प्रयोगशाळेसाठी स्वतःचा बंगला दिला आणि त्यांच्या समाजातल्या हजारो लोकांनी लस घेतली. साथ तीच, सरकारही तेच. लोकांना विश्वासात घेतले की काय होते आणि दंडेली केली की काय होते, हे त्या एका वर्षात मुंबई-पुण्याने पाहिले.

लसीची मागणी वाढली. 10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी केले आणि प्रमुख हाफकिन होते. तिथून लसीच्या बाटल्या देशभर आणि देशाबाहेरही जाऊ लागल्या.

एका बाटलीची चूक

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल नावाच्या गावात 107 जणांना प्लेगची लस टोचली गेली. काही दिवसांत त्यांतल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. हे 19 जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाकी बाटल्यांतली लस घेतलेल्या कुणालाही काही झाले नाही.

मुंबईच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. हाफकिन यांनी नुकतीच लस बनवण्याची पद्धत बदलली होती. जास्त लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बोलिक आम्ल वगळून फक्त उष्णतेने जंतू मारण्यावर ते भर देत होते. पाश्चर संस्थेत ही पद्धत रूढ होती, पण भारतातल्या अधिकाऱ्यांना तो बेजबाबदारपणा वाटला. बाटली परळमध्येच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले आणि 1904 मध्ये ते लंडनला गेले.

पण आयोगासमोर आलेल्या साक्षीतच एक गोष्ट होती. मुलकोवालला बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. शिवाय परळमध्ये भरल्यापासून मुलकोवालला उघडेपर्यंत एक महिन्याहून अधिक काळ गेला होता. तेव्हाच धनुर्वाताचे जंतू शिरले असते तर लस नासून तिला घाण वास आला असता, आणि बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. हा पुरावा सरकारी दप्तरात पडून राहिला. हिवतापाचा डासांशी संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण उचलून धरले. 1907 च्या जुलैमध्ये रॉस यांच्यासह दहा जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीरपणे मांडले. त्याच वर्षी सरकारने त्यांच्यावरचा ठपका मागे घेतला.

तोवर पाच वर्षे गेली होती. हाफकिन भारतात परतले, पण मुंबईची जागा भरलेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले गेले आणि माणसांवर लसीच्या चाचण्या घेण्याची मोकळीक दिली गेली नाही. मोठे काम त्यांच्या हातून पुन्हा झाले नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. त्यांनी लग्न केले नाही. उरलेले आयुष्य त्यांनी ज्यू धर्माचा अभ्यास आणि युरोपातल्या गरीब ज्यूंसाठी काम यांत घालवले आणि आपली पुंजी धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते हयात होते. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे त्यांचे निधन झाले. 1964 मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

औषध आले, मग काय झाले

हाफकिन गेले त्याच्या दोन वर्षे आधी लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले होते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सल्फा औषधे, पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन आले आणि जंतुसंसर्गाचा चेहराच बदलला. 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. पेनिसिलिन गरिबांच्या आवाक्यात आले. प्लेगची भीती गेली आणि हाफकिन यांची लसही हळूहळू विस्मरणात गेली.

ती भीती 1994 मध्ये परत आली, आणि तीही तिसगावच्या शेजारी. पाथर्डी तालुक्याची हद्द बीड जिल्ह्याला लागून आहे. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याची बातमी आली आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची. सुरतेतून लाखो लोक पळाले. आज पन्नाशीत असलेल्यांना आठवत असेल, की त्या दिवसांत टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून गायब झाल्या होत्या. ज्यांना ताप नव्हता, ज्यांनी रुग्ण पाहिलाही नव्हता, अशा लोकांनी त्या घरात साठवल्या आणि मनाला येईल तितक्या गिळल्या. साथ आटोक्यात आली. पण औषध हाताशी असले की आपण कसे वागतो, हेही त्या महिन्यात दिसले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, मादागास्कर बेटावर एका तरुण रुग्णाच्या शरीरात प्लेगचा असा जंतू सापडला, ज्याच्यावर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही नेहमीची औषधे चालत नव्हती. त्या जंतूला हा गुण आनुवंशिक बदलांनी हळूहळू मिळालेला नव्हता. दुसऱ्या जातीच्या जंतूंकडून डीएनएची एक छोटी कडी त्याच्याकडे आली होती आणि तिच्यावर अनेक औषधांना हरवण्याच्या सूचना एकत्र होत्या. असे जंतू जगभर पसरले नाहीत हे नशीब. पण हाफकिन यांच्या काळातला रोग औषधांना न जुमानता परत येऊ शकतो, हे त्यातून कळले.

जंतू औषधाला दाद देईनासा कसा होतो, हे समजायला सोपे आहे. शरीरातल्या कोट्यवधी जंतूंपैकी एखाद-दुसऱ्यात औषधाला तोंड देण्याचा गुण आधीपासून असू शकतो. आपण औषध घेतो तेव्हा बाकीचे मरतात आणि हे उरतात. जागा मोकळी झाल्यामुळे ते भराभर वाढतात आणि आपला गुण शेजारच्या जंतूंनाही देतात. औषध गरजेचे होते तर ही किंमत मोजावीच लागते. पण सर्दी, साधा खोकला, विषाणूचा ताप, बहुतेक जुलाब यांना प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. तिथे ते घेतले की फायदा काही होत नाही आणि आतड्यातले चिवट जंतू मात्र वाढतात.

विकसनशील देशांत हे चक्र वेगाने फिरण्याची कारणे अनेक आहेत. चिठ्ठीशिवाय दुकानातून चार गोळ्या मिळतात. मजुरी बुडू नये म्हणून रुग्णाला आजच्या आज बरे व्हायचे असते आणि डॉक्टरलाही तो दुसरीकडे जाईल अशी धास्ती असते. कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणते औषध चालेल हे सांगणारी कल्चर तपासणी खेड्यात सहसा होत नाही, म्हणून अंदाजाने भारी औषध दिले जाते. कोंबड्यांच्या खाद्यात आणि जनावरांच्या उपचारांत हीच औषधे वापरली जातात. सांडपाणी नदीत आणि नदीतून विहिरीत जाते. त्यात आणखी एक विसंगती आहे. याच देशांत असंख्य रुग्णांना खरोखर गरज असताना योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळत नाही आणि ते त्यामुळेही मरतात. 2019 साली जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे 12.7 लाख मृत्यू झाले, असा लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि मृत्युदर सर्वाधिक होता तो पश्चिम आफ्रिकेत.

हाफकिन यांचा रस्ता

उपाय शोधताना वैद्यकशास्त्र पुन्हा हाफकिन यांच्या रस्त्यावर येत आहे. लस प्रतिजैविकाआधी काम करते. संसर्गच झाला नाही तर गोळी लागत नाही आणि गोळी लागली नाही तर जंतूला चिवट होण्याची संधी मिळत नाही. 2016 पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात टायफॉइडचा असा जंतू पसरला, ज्याच्यावर तोंडाने घ्यायचे जेमतेम एक औषध उरले होते. पाकिस्तानने 2019 मध्ये टायफॉइडची नवी लस मुलांच्या लसीकरणात घेतली. त्याआधी 2018 मध्ये हीच लस महापालिकेमार्फत मुलांना देण्याचा उपक्रम नवी मुंबईत सुरू झाला होता. लसीइतकेच काम स्वच्छ पाणी, संडास आणि साबणाने धुतलेले हात करतात.

सरकारनेही काही पावले उचलली आहेत. मार्च 2014 पासून महत्त्वाची प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे एच-वन या वेगळ्या यादीत आहेत. ती देताना दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहायचे असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते. कोलिस्टिन हे शेवटचा उपाय मानले जाणारे औषध कोंबड्या आणि खाण्यासाठी पाळलेल्या इतर जनावरांना देण्यावर 2019 मध्ये बंदी आली. नियम चांगले आहेत, पण ते पाळले जातात की नाही हे तिसगावच्या औषध दुकानाच्या काउंटरवरच ठरते.

तिथे गिऱ्हाइकाने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. लाल रेघेचे पाकीट चिठ्ठीशिवाय मागू नये. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहिले तर ते कशासाठी आणि किती दिवस, हे विचारून घ्यावे आणि तेवढे दिवस घ्यावे. लिहिले नाही तर त्यासाठी हट्ट धरू नये. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापाला किंवा शेजाऱ्याला देऊ नयेत. पोरांची लसीकरणाची तारीख चुकवू नये. शेळ्या-कोंबड्यांना माणसांची गोळी चारू नये, जनावरांच्या डॉक्टरला विचारावे.

दवाखान्यांसाठी धडा मुलकोवालच्या चिमट्यात आहे. इस्पितळात पसरणारे चिवट जंतू पुष्कळदा न धुतलेल्या हातांवरून आणि नीट निर्जंतुक न केलेल्या साधनांवरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. जमिनीवर पडलेला चिमटा पुन्हा ज्योतीत धरायला काही क्षण लागले असते. ते न केल्यामुळे 19 माणसे गेली, आणि ज्याने ती लस आधी स्वतःच्या अंगावर तपासली होती, त्याच्या कामाची उमेदीची वर्षेही गेली.